दिवाणखान्यातील समुद्र : हौस आणि हिशेब

हौसेला मोल नसते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु काही हौशी अशा असतात, की त्यांचे मोल आधी मांडून पाहिले नाही तर ते पुढे भलत्याच कोणाला चुकवावे लागते. घरात मोठे प्रवाळ-मत्स्यालय उभारण्याची हौस त्यांपैकीच एक होय. निळसर प्रकाशात डोलणारे प्रवाळ आणि त्यांतून लपंडाव खेळणारे केशरी-पांढरे मासे हे दृश्य २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे घरोघरच्या मुलांच्या ओळखीचे झाले. ते दृश्य दिवाणखान्यात साकारण्याची साधने आज भिलाईसारख्या पोलादनगरीतही मागवता येतात. मात्र साधने मिळतात एवढ्यावरून ती आणावीत काय, आणि आणायचीच तर कोणत्या तयारीने, याचा विचार खरेदीपूर्वी व्हायला हवा.

भिलाईचा उल्लेख येथे हेतुपूर्वक केला आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना भिडतो. परंतु हे शहरच मुळी आखणीतून जन्मले. सोव्हिएत संघाशी १९५५ च्या फेब्रुवारीत करार झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. मधली चार वर्षे आराखडे आणि उभारणी यांत गेली. विदर्भातून व महाराष्ट्राच्या इतर भागांतून येथे येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना आखणीचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये. प्रवाळ-मत्स्यालयालाही, लहान प्रमाणात का होईना, तोच न्याय लागू पडतो.

जुनीच हौस

ही हौस आजची नाही. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ दगडी बरणीत घालून लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते खारे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज ओतत असे. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले, तेही मरिन ड्राइव्हवर, समुद्राच्या अगदी काठाशी. भिलाईच्या गृहस्थाला हा शेजार नाही. त्याला समुद्राचा प्रत्येक थेंब घरीच तयार करावा लागतो. मोलकरणीचे काम आता विजेचे पंप करतात, परंतु ते काम एक दिवसही थांबून चालत नाही.

आधी जमीन, मग पाणी

बहुतेक हौशी मंडळी सुरुवात माशांच्या यादीपासून करतात. वास्तविक सुरुवात जमिनीपासून व्हावी. १.८ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि तितकीच उंच अशी टाकी घेतली तर तिच्यात सुमारे एक हजार लिटर पाणी मावते. खाऱ्या पाण्याचे वजन, जाड काच, खडक आणि खालचा सांगाडा यांची बेरीज सहज चौदाशे किलोंवर जाते. हा सारा भार पडतो जेमतेम १.३५ चौरस मीटर जागेवर. म्हणजे दर चौरस मीटरला एक हजार किलोंहून अधिक. राहत्या खोल्यांच्या मजल्यांसाठी भारतीय मानकात धरलेला वापरभार दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो आहे. त्यामुळे एवढी टाकी वरच्या मजल्यावर ठेवायची झाल्यास स्थापत्य अभियंत्याचा लेखी सल्ला घेतल्यावाचून पाऊल उचलू नये. तळमजला, पक्की फरशी आणि भिंतीलगतची सावलीची जागा हाच खरा राजमार्ग.

येथे भिलाईकरांना गंमत वाटावी अशी आणखी एक बाब आहे. साऱ्या देशाला रेल्वेचे रूळ पुरवणाऱ्या या लोखंडाच्या गावात लोखंडाचा वैरीच घरी आणायचा आहे. टाकीतून उडणारे तुषार सुकले की मिठाचा थर साचतो आणि साधा लोखंडी सांगाडा हळूहळू पोखरला जातो. म्हणून सांगाड्यावर जस्ताचा मुलामा किंवा उत्तम प्रतीचा रंगलेप हवा, आणि विजेचे बोर्ड पाण्याच्या पातळीहून वर व बाजूला असावेत. गळती झाली तर वीजप्रवाह तत्काळ खंडित करणारे उपकरण बसवण्यात काटकसर नको.

पाण्याचा आणि विजेचा ताळेबंद

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हजार लिटरांसाठी पहिल्याच दिवशी ३५ किलो सागरी क्षारमिश्रण लागते. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही, कारण प्रवाळांना सोडियमबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम व इतर क्षारही ठरावीक प्रमाणात हवे असतात. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले तर दर खेपेस साडेतीन किलो, म्हणजे वर्षाला सुमारे १८० किलो मिश्रण खर्ची पडते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन व विरघळलेले पदार्थ काढण्यासाठी आर. ओ. यंत्र लागते. या यंत्रातून शुद्ध पाण्याहून टाकाऊ पाणी अधिक निघते. उन्हाळ्यात शहराला पाणी जपून वापरावे लागत असताना ते मोरीत सोडणे शोभत नाही. कूलर, फरशी आणि बाग यांकडे ते वळवण्याची सोय आराखड्यातच असावी.

भिलाईच्या कोरड्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी झपाट्याने उडते. उडते ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरून काढायची असते, खाऱ्या नव्हे. हा साधा नियम विसरल्याने टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते आणि मासे का दगावले हे घरच्यांना उमगत नाही.

खरी परीक्षा उष्णतेची. प्रवाळांना २४ ते २७ अंश तापमान मानवते. बाहेर पंचेचाळीस अंश असताना ते राखायचे तर पाणी गार करणारे ‘चिलर’ यंत्र अपरिहार्य ठरते. शंभर वॉटचे पंप अहोरात्र, तीनशे वॉटचे दिवे नऊ तास आणि सातशे वॉटचे चिलर दिवसाला दहा तास चालले, तर रोजची वीज बारा युनिट होते. महिन्याला साडेतीनशेहून अधिक. टाकीची किंमत एकदाच मोजावी लागते, हे बिल मात्र दरमहा येते. ज्या कुटुंबाला हा खर्च मासिक उत्पन्नातून, बचतीला हात न लावता पेलत नाही, त्याने हा छंद पुढे ढकलावा. त्यासाठी कर्ज काढणे तर सर्वथा अनुचित.

वीज गेली तर काय, याचे उत्तरही आधीच तयार हवे. इन्व्हर्टरवर निदान पंप तरी चालले पाहिजेत, कारण पाणी स्थिर व गरम झाले की त्यातील प्राणवायू घटतो. प्रवाळाच्या देहात सूक्ष्म शैवाले राहतात आणि त्याचे बरेचसे अन्न तीच पुरवतात. पाणी प्रमाणाबाहेर तापले की हे साहचर्य तुटते व प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर हेच संकट कोसळले, आणि २०२४ मध्ये ते पुन्हा ओढवले. समुद्रात ज्याला काही आठवडे लागतात, ते बंदिस्त टाकीत भर उन्हाळ्यात थोड्या तासांत घडू शकते.

संयमाचा हप्ता

टाकी भरली की लगेच मासे सोडावेत, हा मोह मोठा असतो. परंतु माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू खडकांवर रुजायला साधारण चार ते सहा आठवडे जावे लागतात. तोवर टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात काम चालू असते. त्यानंतरही एकेक मासा, मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवून सोडावा. आवर्ती ठेवीत पहिल्याच महिन्यात व्याज मागू नये, तसेच हे आहे.

प्रवाळ आले कोठून?

येथवरचे प्रश्न पैशाने आणि धीराने सुटणारे आहेत. पुढचा प्रश्न तसा नाही. प्रवाळभित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, स्थान आहे. मृत प्रवाळाचा सांगाडा शोभेसाठी बाळगणेही या कायद्याच्या कक्षेत येते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी व हाजी अली येथील अवघ्या १८ प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तर त्यासाठीही वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी लागली. परदेशी प्रवाळ आणि इतर नियंत्रित प्रजातींच्या आयातीला आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाने लागतात, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा सजीवांची नोंदणी ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे.

तेव्हा घरच्या मत्स्यालयात कठीण प्रवाळ असूच नयेत, हेच शहाणपणाचे. ‘कागदपत्रे नंतर पाठवतो’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून तर काहीही घेऊ नये. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात बुडालेला एक विस्तीर्ण प्रवाळ-उंचवटा आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. शतकानुशतके साठत आलेली ती ठेव आहे. तिच्यातील तुकडा चोरून काढून दिवाणखाना सजवणे ही हौस नव्हे, अफरातफर आहे.

यावर कोणी विचारील, की समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी समुद्र पाहूच नये काय? अवश्य पाहावा, परंतु त्यासाठी समुद्र ओरबाडण्याची गरज नाही. सिमेंट किंवा चिनी मातीचे कृत्रिम खडक जिवाणूंना तितकेच मानवतात. क्लाउन मासे बंदिस्त पाण्यात वाढवण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे, आणि नवी मुंबईत ऐरोली येथेही शोभेच्या सागरी माशांची पैदास झाली आहे. कृत्रिम खडक, समुद्री शैवाले आणि पैदास केंद्रातील चार-सहा मासे एवढ्यावरही टाकी देखणी होते आणि मन निर्धास्त राहते.

वारस कोण?

शेवटचा मुद्दा सहसा कोणी काढत नाही. क्लाउन मासा नीट सांभाळला तर वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. भिलाईतील अनेक घरे कारखान्याची. निवृत्तीनंतर ती रिकामी करायची असतात. बावन्नाव्या वर्षी उभारलेली टाकी साठाव्या वर्षी कोठे जाणार? मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशी गेलेली. दीड टनाचा समुद्र ट्रकमध्ये घालून गावी नेता येत नाही. प्रत्येक ठेवीला नामनिर्देशन असावे, हा बँकेचा आग्रह असतो. सजीवांच्या बाबतीत तो अधिकच हवा. टाकी कोणाकडे जाईल, सुटीत गावी गेल्यावर रोजचे पाणी कोण भरील, याची उत्तरे घरातल्या सर्वांनी मिळून आधीच ठरवावीत. ती सापडत नसतील तर लहान गोड्या पाण्याची टाकी घ्यावी, किंवा एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत सर्वांच्या मालकीची टाकी उभारण्यास हातभार लावावा. तेथे ती शंभर मुले पाहतील आणि एका माणसाच्या बदलीने वा निवृत्तीने ती ओस पडणार नाही.

मोठे प्रवाळ-मत्स्यालय उभारणे अशक्य नाही. मजल्याची ताकद, दरमहाचा खर्च, जिवांचा मूळ पत्ता आणि पुढचा वारस या चार रकान्यांत समाधानकारक नोंद झाली, तर भिलाईच्या रणरणत्या दुपारीही एखाद्या घरात समुद्र सुखाने नांदू शकेल. एकही रकाना कोरा असेल, तर मात्र टाकीची मागणी नोंदवण्यापूर्वी थांबलेले बरे.