वांटणीचें राज्य

दोन भावांचें भांडण चव्हाट्यावर आलें म्हणजे गांव म्हणतो, हें घर आतां बुडालें. परंतु व्यापारउदिमाचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांस हें सांगावयास नको कीं, भांडणाऱ्या भागीदारांपेक्षां एकमेकांच्या उचलीकडे कानाडोळा करणारे भागीदारच पेढीस अधिक लवकर बुडवितात. प्रत्येकजण गल्ल्यांतून आपला वांटा उचलतो आणि दुसऱ्यास हिशेब विचारीत नाहीं. कारण विचारला तर आपलाही द्यावा लागेल. पेढीच्या बाबतींत जें खरें तेंच राष्ट्राच्या बाबतींतही खरें आहे, आणि त्याचा धडा घ्यावयाचा असेल तर भूमध्य समुद्राच्या पूर्व कांठावरील लेबनॉन या चिमुकल्या देशाकडे पाहावें.

या देशांत कायद्यानें मान्य केलेले १८ धर्मपंथ नांदतात. १९४३ सालीं फ्रेंच सत्तेपासून देश स्वतंत्र झाला, तेव्हां पुढाऱ्यांनीं एक अलिखित करार केला. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी मुसलमान, आणि विधिमंडळाचा अध्यक्ष शिया मुसलमान. विधिमंडळांतील जागा ख्रिस्ती सहा आणि मुसलमान पांच या प्रमाणांत वांटल्या गेल्या. या वांटणीस आधार काय, तर १९३२ सालची खानेसुमारी. आणि त्यानंतर त्या देशांत आजवर दुसरी सरकारी खानेसुमारीच झालेली नाहीं! माणसें मोजलीं तर वांटे बदलतील, म्हणून माणसें मोजावयाचींच नाहींत. जें राज्य आपलीं माणसें मोजण्यास भितें, तें आपले पैसे तरी कसे मोजणार?

या करारास आम्ही केवळ लबाडी म्हणत नाहीं. अल्पसंख्यांच्या मनांत भय असतें, तें खोटें नसतें, आणि त्यांस आश्वासन देणें हें शहाणपणाचें असतें. परंतु औषध म्हणून घेतलेली वस्तु तेथें नित्याचें अन्न झाली. १९७५ पासून १९९० पर्यंत त्या देशांत यादवी माजली. १९८९ सालीं ताइफ येथें तह झाला, तो जागा निम्म्यानिम्म वांटण्याचा. धर्मवार वांटणी टप्प्याटप्प्यानें मोडावयाची, असें वचनही त्या तहांत होतें. तें कागदावरच राहिलें. १९९१ सालीं माफीचा कायदा झाला, आणि काल ज्यांनीं सशस्त्र टोळ्या चालविल्या त्यांच्यांतीलच कित्येक आज मंत्री होऊन बसले. लढाई संपली, वांटणी मात्र पक्की झाली.

या वांटणीचें फळ सामान्य गृहस्थाच्या पदरांत काय पडलें? यादवी संपून तीस वर्षें लोटलीं तरी सरकारी वीज चोवीस तास मिळाली नाहीं. वीज मंडळाच्या तुटीपायीं देशावर कर्जाचा डोंगर चढला. आणि ९ आक्टोबर १९२१ नव्हे, २०२१ रोजीं, म्हणजे ऐन विसाव्या शतकानंतर, तेलावांचून दोन्ही मोठीं वीजकेंद्रें बंद पडून सारा देश अंधारांत बुडाला. ज्याला ऐपत होती त्यानें गल्लींतील जनित्रवाल्यास पैसे मोजले. ज्याला नव्हती त्यानें मेणबत्ती लावली. २०१५ सालीं कचऱ्याची जुनी जागा बंद झाली, आणि नवी कोठें करावयाची यावर एकमत होईना. तेव्हां राजधानी बैरूतच्या रस्त्यांत कचऱ्याचे ढीग साचले. दुर्गंधीस पंथ नसतो; ती सर्वांच्या घरांत सारखीच शिरते.

पेढीवाल्यांनीं पुढील गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. १९९७ पासून तेथील लिरा एका डॉलरास सुमारें १,५०७ या भावानें बांधलेला होता. तो भाव टिकविण्यासाठीं भारी व्याजाचें आमिष दाखवून ठेवी ओढल्या गेल्या, आणि त्या ठेवी सरकारच्या तुटींत जिरल्या. २०१९ च्या आक्टोबरांत बँकांनीं दारें लावलीं. उघडलीं तेव्हां ठेवीदारास त्याचाच पैसा मोजूनमापून मिळूं लागला. २०२० च्या मार्चांत सरकारनें परकीय कर्जाचा हप्ता चुकविला. २०२३ पर्यंत डॉलरास सुमारें ८९,५०० लिरा पडूं लागले. म्हणजे दीड कोटी लिरांची जी पुंजी पूर्वीं सुमारें १०,००० डॉलरांची होती, ती पावणेदोनशें डॉलरांच्याही आंत आली. २०२२ सालीं एका स्त्रीनें बहिणीच्या औषधोपचारासाठीं खेळण्यांतील पिस्तूल घेऊन बँकेंत शिरून आपलीच ठेव काढून नेली. आपल्या पैशासाठीं प्रामाणिक माणसास दरोडेखोराचें सोंग घ्यावें लागावें, याहून राज्याची विटंबना ती कोणती?

आम्ही कायद्याचे अभ्यासक. आमच्या दृष्टीनें सर्वांत मोठा नाश न्यायाचा झाला. बैरूतच्या बंदरांत सुमारें २,७५० टन अमोनियम नायट्रेट २०१३–१४ पासून पडून होतें. जकात अधिकाऱ्यांनीं न्यायाधीशांस वारंवार पत्रें लिहिलीं. तरी माल हलला नाहीं. ४ ऑगस्ट २०२० रोजीं सायंकाळीं त्याचा स्फोट झाला, दोनशेंहून अधिक माणसें मेलीं आणि हजारों जखमी झालीं. चौकशी करणाऱ्या पहिल्या न्यायाधीशानें माजी मंत्र्यांवर आरोप ठेवले. २०२१ च्या फेब्रुवारींत त्यास दूर करण्यांत आलें. दुसऱ्यानें तोच मार्ग धरिला, तेव्हां दाव्यांवर दावे घालून त्याचें काम अडविण्यांत आलें. ज्या पुढाऱ्यांचें एरव्हीं एका गोष्टीवर जमत नाहीं, त्यांचें एवढ्या एका गोष्टीवर जमलें कीं, आपल्यापैकीं कोणाचीही जबानी होऊं नये. प्रत्येक आरोपी म्हणतो, हा माझ्यावर नव्हे, माझ्या पंथावर घाला आहे. आणि भोळे लोक त्याच्या रक्षणास धांवतात.

कोणी म्हणतील, शेजारच्या लढाया, सीरियांतून आलेले लाखों निर्वासित, इस्रायलचे हल्ले, यांनीं तो देश पिचला. यांत तथ्य आहे. परंतु पाऊस सर्वांच्याच घरांवर पडतो. गळतें तें न शाकारलेलें घर. १७ आक्टोबर २०१९ पासून सर्व पंथांचे लोक एकत्र रस्त्यावर आले आणि ‘सगळे म्हणजे सगळे’ अशी त्यांनीं घोषणा केली. आपल्या पंथाचाही पुढारी हिशेबांतून वगळावयाचा नाहीं, हा त्याचा अर्थ. दोन वर्षांहून अधिक काळ रिकामें राहिलेलें राष्ट्राध्यक्षपद जानेवारी २०२५ मध्यें भरलें गेलें आणि अडलेली चौकशी पुन्हां सुरू झाली. त्या चळवळीचें बीज अगदींच वायां गेलें नाहीं, अशी आशा आम्ही करितों.

आपणही या वाटेनें कांहीं पावलें चाललों होतों. १९०९ च्या कायद्यानें आपल्याकडे विभक्त मतदारसंघ आले, आणि १९१६ च्या लखनौ करारांत आपल्याच पुढाऱ्यांनीं त्यांस मान्यता दिली. पुढें घटनेच्या ३२५ व्या कलमानें सर्वांची मतदारयादी एक झाली. कलमानें यादी एक होते. मन एक करावयाचें काम मतदाराचें आहे. म्हणून आमचें सांगणें एवढेंच: जातीच्या वा धर्माच्या नांवानें मत मागावयास जो दारीं येईल, त्यास आधीं गटाराचा, नळाचा आणि शाळेचा हिशेब विचारा. तो परका असेल तर विचाराच. पण आपला असेल तर अधिक कसून विचारा. ज्या दिवशीं आपल्या माणसास आपण हिशेब विचारणें सोडूं, त्या दिवशीं आपल्या पेढीचेंही दिवाळें निघावयास प्रारंभ झाला असें समजावें.