बंद झालेल्या मार्गाचा हिशेब

बस दहा मिनिटे उशिरा आली की आपण केवढी कुरकुर करतो! पण एखादी बस कायमची बंद झाली, तर दोन-चार दिवस हळहळतो आणि गप्प बसतो. मला हे पटत नाही. मार्ग बंद करताना हिशेब पुरता मांडला होता का, हे विचारण्याचा हक्क त्या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. मग त्याचे तिकीट अर्धे का असेना!

मुंबईतील अशाच एका मार्गाची हकीकत तुम्हाला सांगते. ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर 'बेस्ट'ने ट्रॉलीबस सुरू केली. गवालिया टँक येथे पूर्वी तलाव होता. गवळी तेथे आपली गुरे धूत, म्हणून हे नाव पडले. याच ठिकाणच्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींनी इंग्रजांना 'चले जाव' असे बजावले. त्या लढ्याची इंग्रजी घोषणा युसुफ मेहेरअली यांनी सुचवली होती, हेही लक्षात ठेवा. मार्गाचे दुसरे टोक माझगावला, म्हणजे जहाजे बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कामगारांच्या वस्तीत.

ट्रॉलीबस म्हणजे काय, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ट्राम रुळांवरून धावते. तिला वीज वरच्या तारेतून मिळते आणि रुळांतून परत जाते. ट्रॉलीबसला रूळ नसतात, रबरी चाके असतात. रबरातून वीज वाहत नाही. म्हणून तिच्यासाठी रस्त्यावर एक नव्हे, दोन तारा ताणाव्या लागतात. बसच्या छतावरचे दोन लांब दांडे या तारांना टेकलेले असतात. एका तारेतून वीज येते, दुसरीतून परत जाते. धूर नाही, इंजिनाची घरघर नाही. रस्त्यात काही आडवे आले, तर ही बस थोडी बाजूला सरकूही शकते. ट्रामला ते जमत नाही.

तिच्यात उणिवाही होत्या, त्या लपवण्यात अर्थ नाही. वळणावर दांडा तारेवरून निसटला की बस उभी! तो पुन्हा तारेवर बसवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वीज गेली की मार्गावरच्या सगळ्या बसगाड्या जागच्या जागी थांबतात. शिवाय जिथे तारा नाहीत, त्या रस्त्याने ती वळवताही येत नाही.

ही बस सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या ट्रामचे शेवटचे दिवस आले होते. ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम मुंबईत धावली. १९०७ साली विजेची ट्राम आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि नव्वद वर्षांचा तो कारभार आटोपला. त्यानंतर ट्रॉलीबस एकटी उरली. एवढ्या मोठ्या शहरात एकाच मार्गासाठी तारा, खांब आणि वेगळे कारागीर सांभाळणे महागच पडणार. २४ मार्च १९७१ रोजी ती बंद झाली. पावणेनऊ वर्षांचे तिचे आयुष्य!

हा निर्णय चुकला, असे मी म्हणणार नाही. जुने वाहन जाते, नवे येते. वाहनावर प्रेम करावे, पण हट्ट धरू नये. माझा मुद्दा वेगळा आहे. वाहन बंद होते, तेव्हा त्यातून जाणारी माणसे बंद होत नाहीत. कामगाराला भोंग्याच्या आत गोदीत पोहोचायचेच असते. म्हणून वाहन बदलणे आणि मार्ग बंद करणे या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

'रद्द' हा शब्द तुमच्या उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. किती छोटा शब्द! सूचनाफलकावर 'मार्ग रद्द' एवढेच लिहिले जाते. मी शिकवते ते शहर मुंबई नव्हे. तिथेही काही वर्षांपूर्वी अशी एक बस रद्द झाली. उत्पन्न कमी, असे कारण सांगण्यात आले. ते खरेही असेल, कारण त्या बसमध्ये सकाळ-संध्याकाळ आमच्या मुलीच जास्त असत, त्याही सवलतीच्या पासवर. बस गेल्यावर मुलगे सायकलने किंवा चालत येऊ लागले. मुलींसाठी मात्र घरात चर्चा सुरू झाली. दोन बस बदलायच्या, अंधार पडल्यावर थांब्यावर उभे राहायचे, रिक्षाचे पैसे कुठून आणायचे? नववीतील एक मुलगी महिनाभर येत राहिली, मग येईनाशी झाली. मी तिच्या घरी गेले. वडील वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, रोज तिच्या वाटेकडे डोळे लावून बसण्यापेक्षा ती घरीच बरी." बसच्या जमाखर्चात या मुलीचे शिक्षण कोणत्या रकान्यात लिहिले गेले? कोठेच नाही. वहीत फक्त तिकिटांचे पैसे असतात.

कुणी म्हणेल, तोटा सोसून बस चालवायला पैसा कोठून आणणार? प्रश्न योग्य आहे. रिकामी बस दिवसभर फिरवा, असे कोणीही म्हणत नाही. पण फेऱ्या कमी करता येतात, लहान गाडी लावता येते, निदान शाळा आणि कारखाने भरण्या-सुटण्याच्या वेळा सांभाळता येतात. हे सगळे करून पाहिल्यावरच 'रद्द' लिहावे.

आणखी एक गंमत पाहा. मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली. जुनी डिझेलची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवर चालणारी दुमजली बस रस्त्यावर आली होती. तिच्यावर तारा नाहीत, वीज बॅटरीत भरलेली असते. झुरिच आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांनी तर तारांवरची ट्रॉलीबसही टाकून दिलेली नाही. जिला १९७१ मध्ये निरोप दिला, तीच वीज वेगळ्या वेशात परत आली.

तुमच्या वाटेवरची बस बंद होणार असे कानावर आले, तर काय कराल? अर्जलेखन तुम्ही शिकता ते केवळ परीक्षेच्या गुणांसाठी नाही. साध्या मराठीत अर्ज लिहा. बसचा क्रमांक, थांब्याचे नाव, वेळ आणि रोज किती विद्यार्थी चढतात तो आकडा लिहा. आकडा स्वतः मोजलेला असावा, आठ दिवस मोजा. मुलींची संख्या वेगळी दाखवा. खाली सर्वांच्या सह्या घ्या, मुख्याध्यापकांकडून पत्र जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून परत येऊ नका.