हिरवा ठिपका आणि चंचल बालक



‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे लातूर आणि नांदेड ही शिकवणीवर्गांची शहरे झाली आहेत. अशा वातावरणात एखादे बालक स्थिर बसत नाही, हाती घेतलेला अभ्यास अर्धवट सोडते, तेव्हा घरातील चिंता लवकर वाढते. शेजारचे सुचवितात, “शाकाहाराने मेंदूला पोषण कोठून मिळणार? अंडे सुरू करा.” घरातील वडीलधारे म्हणतात, “आपला आहार सात्त्विक आहे, मूल आपोआप शांत होईल.” दोन्ही मते तपासून पाहावयास हवीत.

अवधानाचा अभाव व अतिचंचलता, अर्थात एडीएचडी, ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. शाकाहाराने ती उद्भवत नाही आणि केवळ शाकाहाराने बरीही होत नाही. आईच्या संगोपनातील उणीव म्हणूनही तिच्याकडे पाहू नये. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीपासून, किमान सहा महिने आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळत असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे अथवा मानसोपचारतज्ज्ञांकडे अवश्य जावे.

मग आहाराचा संबंध कोठे येतो? रक्तक्षय झालेले मूलही थकलेले, चिडचिडे व अनवधानी दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती. हा प्रश्न केवळ शाकाहारी घरांचा नाही, हे यावरून उघड होते. तथापि वनस्पतीजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते आणि ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींपासून मिळत नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन व ब-१२ तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या मात्र परस्पर देऊ नयेत. अतिरिक्त लोह अपायकारक ठरते.

आपल्या मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात साधने विपुल आहेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचे वरण, मूग, हरभरा, तीळ यांतून लोह मिळते. वरणावर लिंबू पिळल्यास अथवा जेवणात आवळा असल्यास ते अधिक शोषले जाते. जेवणासोबतच्या चहाने शोषण घटते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते, तेव्हा कडधान्यांकडे अधिक लक्ष द्यावे. ब-१२ साठी दूध, दही, ताक नियमित असावे. द्विदलाच्या नियमामुळे आपण कच्चे दही-ताक डाळीसोबत घेत नाही; ते दुसऱ्या वेळी आठवणीने द्यावे, एवढेच. दूधही घेत नसलेल्या घरांत ब-१२ चे औषध आवश्यकच ठरते.

आता पाकिटावरील हिरव्या ठिपक्याविषयी. पदार्थ शाकाहारी आहे, एवढेच तो सांगतो. मुलास हितकर आहे, असे सांगत नाही. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली दाखविले की, काही कृत्रिम रंग व सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने काही मुलांची चंचलता वाढते. परिणाम अल्प होता आणि सर्व मुलांत सारखा नव्हता. तरीही २०१० पासून युरोपीय संघात अशा रंगांच्या पदार्थांवर सूचना छापणे बंधनकारक झाले. म्हणून पाकीट उलटून १०२, ११०, १२२, १२४ हे रंगांचे आणि २११ हा परिरक्षकाचा क्रमांक पाहण्याची सवय लावावी.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. तज्ज्ञांनी औषध अथवा वर्तनोपचार सुचविल्यास तो आपल्या आहारनिष्ठेचा पराभव मानू नये. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. ते नको असल्यास डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे व गोळी किंवा पातळ औषधाचा पर्याय विचारावा. उपचार मात्र परस्पर थांबवू नये. आपण सूक्ष्म जीवांचीही काळजी वाहणारे आहोत. वर्गात रोज बोलणी खाणाऱ्या आपल्याच बालकाच्या मनाला इजा होऊ न देणे, हीही अहिंसाच आहे.