गाडी थकली की घाट चढला?

रेडमंडहून आय-९० धरली, की स्नोक्वाल्मीच्या घाटात जुनी गाडी धापा टाकू लागते आणि मागच्या सीटवरून ‘आता नवी घ्या’ सुरू होतं. मंडळी, जरा थांबा! घाटमाथा ३,०२२ फुटांवर आहे. तिथली हवा विरळ. टर्बो नसलेल्या कोऱ्या इंजिनाचीही ताकद दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के घटते. त्यात वयाचा दोष नाही.

मात्र रेडमंडच्या सपाट रस्त्यावरही ओढ कमी वाटली, तर आधी एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बघा. ही दुखणी स्वस्तात बरी होतात. खरं म्हातारपण पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले की येतं. त्यासाठी मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्यावं. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरला, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा गेल्या. नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट.

आपल्या वॉशिंग्टन राज्यात १९८२ पासून धुराची तपासणी होती. २०२० च्या आरंभी तीही बंद झाली. आता नाडी आपणच बघायची. गाडी विकायला काढण्याआधी एवढं कराच, असं आम्ही सुचवतो.