पटावरील नाव आणि पोटातील विद्या

इ. स. २००० च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सभेत जगातील राष्ट्रांनी दारिद्र्य, भूक व रोग यांच्या निवारणाचा संकल्प सोडला. त्यातून आठ उद्दिष्टे निघाली. दुसरे असे, की २०१५ पर्यंत प्रत्येक मुलामुलीस प्राथमिक शिक्षण पुरे करता यावे. विकसनशील देशांत पटावरील मुलांचे प्रमाण २००० साली शेकडा ८३ होते; २०१५ साली ते सुमारे ९१ झाले. ही प्रगती अल्प खचित नाही.

तथापि केवळ पट मोजून भागत नाही. माझ्या वर्गातील एक मुलगा वर्षभर नित्य हजर असे. परीक्षेत त्याला साधा उतारा वाचता येईना. माझ्याप्रमाणेच घरी कोंकणी बोलणाऱ्या त्या मुलास पुस्तकी मराठी उमगत नव्हती, आणि मी मात्र हजेरी मांडून निश्चिंत होतो! दोष माझ्या मोजमापाचा होता.

२०१५ साली राष्ट्रांनी २०३० पर्यंतची सतरा उद्दिष्टे ठरविली. त्यांतील चौथ्यात वाचन व गणित यांतील किमान प्रावीण्यही मोजावयाचे आहे, हे योग्यच झाले. विद्यार्थिमित्रहो, वर्गात काही उमगले नाही तर निःसंकोच सांगा. तुमच्या सांगण्यावाचून शिक्षकाचे मोजमाप अपुरेच राहील.