डोक्याला लागलं तर

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पहाटे पाचला साकेत नगरातल्या आमच्या घरात टीव्ही लागलेला असतो. सुपर बोल! टेक्सासमधला भाचा शाळेत अमेरिकन फुटबॉल खेळायला लागला, तेव्हापासून मलाही नाद लागला. (2012 मध्ये आपल्याकडेही याची लीग निघाली होती. त्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. पुढे ते सगळं बारगळलं.)

यंदा मात्र सामन्यापेक्षा ताईचा फोन लक्षात राहिला. भाच्याला सरावात जोराची टक्कर बसली, रात्रभर डोकं ठणकलं, पण पठ्ठ्यानं दोन दिवस घरी सांगितलंच नाही. का, तर संघातली जागा जाईल!

मोठ्यांचंही तेच. सप्टेंबर 2022 मध्ये मायामीचा टुआ टागोवाइलोआ आपटला, उठल्यावर झोकांड्या खाल्ल्या, तरी पुन्हा मैदानात उतरला. पाठीचं दुखणं असं कारण दिलं गेलं. चारच दिवसांनी पुढच्या सामन्यात त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. बोस्टन विद्यापीठाने 2023 मध्ये जाहीर केलं, की तपासलेल्या 376 माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी 345 मध्ये सीटीई आढळला. म्हणजे डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदू खराब होत जाण्याचा आजार. मेंदूदान करणारी बरीच कुटुंबं त्रास पाहिलेलीच असणार, हे धरलं तरी आकडा अंगावर येतो.

हेल्मेट कवटी वाचवतं, पण आत मेंदू हलायचा तो हलतोच. म्हणून मला नियमांतले बदल जास्त पटतात. 2024 पासून किकऑफला दोन्ही संघ जवळजवळ उभे राहतात, त्यामुळे लांबून धावत येऊन आदळणं कमी झालं. टुआच्या प्रकरणानंतर तर डोक्याला लागून तोल गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत उतरवत नाहीत. मला विचाराल तर सरावातल्या टकरीही मोजून व्हाव्यात. आणि ‘मी ठीक आहे’ हे खेळाडूचं उत्तर धरायचंच नाही.

ताईला हे तावातावाने सांगितलं आणि समोर आमचा धाकटा दिसला. मागच्याच महिन्यात कबड्डीत त्याचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं होतं. एम्स आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मी काय केलं? बर्फ लावला आणि म्हणालो, “काही होत नाही, जा खेळ.”

भाचा सध्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाहेर बसलाय. शाळेत कळवायला ताईला मीच भाग पाडलं, हे त्याला कळलंय. मामाचा फोन उचलत नाही.