गाडीचं तोंड काळं करण्याविषयी

सध्या गाड्यांमध्ये काळ्याचा सीझन चालू आहे. टाटाने २०१९ मध्ये हॅरिअरची डार्क एडिशन आणली आणि मग ज्याला त्याला काळी जाळी, काळे अलॉय, काळा लोगो हवा झाला. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये चक्कर मारली तर चकाकणारी पट्टी असलेली गाडी शोधावी लागते. कुणी शोरूममध्ये जास्तीचे पैसे मोजून काळं करून घेतं, कुणी बाहेरून व्हिनाइल चिकटवून घेतं.

माझं मत थोडं वेगळं आहे. हिंजवडीच्या बेसमेंटमध्ये पार्क होणाऱ्या गाडीचं क्रोम काळं करणं ही निव्वळ हौस आहे. हौसेला माझी ना नाही, हौसेला मोल नसतं. पण वैभववाडीत अंगणात उभ्या राहणाऱ्या मालवाहू पिकअपचं क्रोम काळं करणं ही हौस नाही, देखभाल आहे. आणि ही देखभाल घरच्या घरी, स्वतःच्या हाताने करण्यासारखी आहे. का, ते सांगतो.

आधी थोडा इतिहास. गंमत अशी की एके काळी काळा रंग हीच गरिबी होती. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्याच रंगात मिळायची. सामान्यांची गाडी म्हणजे काळी गाडी! क्रोमचा मुलामा गाड्यांवर आला तो साधारण १९२० च्या दशकात, आणि मग श्रीमंती चकाकायला लागली. आपल्याकडे अँबेसेडर आणि पद्मिनीच्या बंपरमध्ये तोंड बघून भांग पाडलेली एक अख्खी पिढी आहे. लग्नाच्या गाडीला फुलं लावायची ती बंपर आधी लख्ख पुसून. अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये गेली. आता चक्र उलटं फिरलंय. चकचकीत ते गावठी आणि काळं ते भारी. उद्या परत फिरेल. म्हणून फॅशनच्या नावाखाली केलेला युक्तिवाद मला पटत नाही, कारण तो दहा वर्षंही टिकत नाही.

टिकणारा युक्तिवाद गंजाचा आहे.

क्रोम (गुगलचं नव्हे, खरंखुरं!) म्हणजे जाड पोलादी चिलखत असतं असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सजावटीच्या क्रोमचा थर पाव ते अर्धा मायक्रॉन इतकाच असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. खरं संरक्षण करतो तो त्याच्या खालचा निकेलचा थर. क्रोमचं काम मुख्यतः निळसर चकाकी देणं आणि निकेल मळू न देणं. आता या थरांना कुठेतरी बारीक भोक पडलं, खडा उडून टवका गेला, की पाणी खालच्या लोखंडापर्यंत पोचतं. निकेल-क्रोम आणि लोखंड यांची ओल्या जागी बॅटरीसारखी जोडी जमते आणि त्यात झिजतं ते लोखंड. वर मोठा चकाकता पत्रा, खाली टाचणीएवढी उघडी जागा, आणि सगळा गंज त्या टाचणीएवढ्या जागेत एकवटतो. म्हणून क्रोम एकदा फुटायला लागलं की भराभर फुटतं. वरून पुसत राहा, आतून पोखरणं चालूच.

आणि वैभववाडी म्हणजे काही कोरडा मुलुख नव्हे. आमचा तालुका समुद्राला लागून नाही, देवगड-मालवणची खारी हवा आमच्याकडे तेवढी पोचत नाही. पण सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी असल्यामुळे पाऊस मात्र बदाबदा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत तिथे गाडी काय वाळणार? त्यात वाटेवरची तांबडी माती ओली होऊन जाळीच्या खाचांत बसते आणि ओल धरून ठेवते.

माझ्या आतेभावाची पिकअप आहे. घाट चढून कोल्हापूरला जायचं, भाजी आणायची. सीझनला आंबा, काजू. मधल्या काळात सिमेंट, पत्रे, जे मिळेल ते. ही गाडी म्हणजे त्या घराचं पोट आहे. पुढच्या बंपरच्या लोखंडी पट्टीवरचं क्रोम पापुद्रे धरून निघायला लागलं होतं आणि जाळीचं प्लॅस्टिकवरचं क्रोम फोड आल्यासारखं दिसत होतं. नवीन सामान घालायचं तर आठवड्याभराच्या डिझेलचे पैसे जाणार. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ते काळं करायला घेतलं.

पहिला विरोध आला आत्येकडून. "मेल्या, गाडयेचा तोंड काळा कित्याक करतंस? लक्ष्मी ती!"

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. मराठीत तोंड काळं करणं म्हणजे काय ते सांगायला नको. पण आपलं काळ्याशी असलेलं नातं दुहेरी आहे. पंढरीचा विठोबा काळा. मंगळसूत्राचे मणी काळे. संक्रांतीला काळी चंद्रकळा. आणि त्याच गाडीच्या मागे दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली बाहुली, तीही काळीच! म्हणजे काळं अशुभही आहे आणि अशुभापासून राखणारंही आहे. भावाने आत्येला एवढंच सांगितलं की हे गंजापासून राखणारं काळं आहे. तिला ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण सुटलेले पापुद्रे बोटाला लागून रक्त आलेलं तिने पाहिलं होतं. चहा वेळेवर आला, याचा अर्थ संमती.

आता करायचं कसं, ते थोडक्यात. कारण इंटरनेटवर जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक कोरड्या हवेतले असतात.

सामान जवळच्या बाजारात मिळतं: वॉटर पेपर, थिनर, मास्किंग टेप, एपॉक्सी प्रायमर, काळा रंग, आणि मागितलं तर वरून मारायचा मॅट क्लिअर. भाग शक्यतो गाडीवरून उतरवून घ्यायचा. भांड्याच्या साबणाने घासून तेल-पॉलिश काढायचं. मग ३२० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावूनच. क्रोम पूर्ण उतरवायचं नसतं, फक्त चकाकी मारायची. चकाकी राहिली तर रंगाला धरायला काही नसतं आणि वर्षभरात तो सालीसारखा निघतो. जिथे पापुद्रे आलेत तिथे मात्र घट्ट चिकटलेल्या कडेपर्यंत घासायचं आणि उघडा गंज साफ करायचा. गंजावर रंग मारणं म्हणजे बग न सोडवता एरर मेसेज लपवणं. मग प्रायमर. तो वाळला की ६०० नंबरचा हलका हात आणि काळ्या रंगाचे पातळ तीन हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून. एकाच वेळी जाड मारला की ओघळ येतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुहूर्त! पावसाळ्यात हे काम काढायचं नाही. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, तोही दव उडून गेल्यावर, अकराच्या पुढे. तोंडाला मास्क लावा आणि काम उघड्यावरच करा. घासताना पाणी वापरायचं ते केवळ गुळगुळीतपणासाठी नाही. निकेलची कोरडी धूळ नाकात जाऊ द्यायची नाही.

आता आक्षेप.

एक: "गावातल्या पेंटरच्या पोटावर पाय येतो." मला हा आक्षेप सगळ्यात वजनदार वाटतो. पण क्रोम निघालं म्हणून पेंटरकडे जातंच कोण? तालुक्याच्या गावी पुन्हा क्रोम करून देणारा कुणी नाही, त्यामुळे माणसं थेट नवीन पार्ट घेतात. पैसा पेंटरकडे जात नाही, दूरच्या शहरात जातो. उलट एकदा ते रंगाचं काम झालं की पुढच्या खेपेला हौद्याबरोबर पेंटरच त्यावर हात मारतो.

दोन: "नियमात बसतं का?" आरसीमध्ये जो रंग लिहिलेला असतो तो बॉडीचा, तो बदलायचा तर आरटीओला कळवावं लागतं. पट्ट्यांचं तसं नाही. पण काळं करण्याच्या भरात रिफ्लेक्टर, दिव्यांच्या काचा, नंबरप्लेट यांना अजिबात हात लावायचा नाही. मालवाहू गाडीला पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल रिफ्लेक्टिव्ह टेप लागते, ती उगाच नाही. पासिंगला अडवतील हा भाग सोडा. करूळ घाटात पावसाळी धुक्यात समोरच्याला आपली गाडी दिसते ती त्या टेपमुळे. क्रोमची चकाकी आपण काढतो आहोत, तेव्हा टेप फाटली असेल तर त्याच दिवशी नवी लावा. माझ्या लेखी ही या कामाची अट आहे.

तीन: "पर्यावरणाचं काय, रंगही केमिकलच ना?" बरोबर, रंग काही तुळशीचं पाणी नाही. पण क्रोम प्लेटिंगच्या टाकीत पूर्वापार वापरलं जातं ते सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने सजावटी प्लेटिंगमधून ते हद्दपार करणारा नियम २०२३ मध्ये मंजूर केला आणि त्याची मुदत २०२७ पासून ठेवली. आपल्या गाडीवर आधीच बसलेलं क्रोम हे धातू आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. ते काळं केल्याने जगाचं भलं होतं असंही नाही. पण जुना पार्ट वाचला म्हणजे नवा पार्ट त्या टाकीत बुडवावा लागला नाही, एवढा हिशोब सरळ आहे.

मला या सगळ्यात खरी भावलेली गोष्ट वेगळीच आहे. क्रोम हे क्लोज्ड सोर्स आहे. दिसतं सुंदर, पण बिघडलं की तुम्हाला त्यात काही करता येत नाही. फेकायचं आणि नवीन आणायचं. रंग ओपन सोर्स आहे. ओरखडा आला, घासा, मारा, कामाला लागा. घाटात फांदी घासली की भाऊ आता कुरकुरत नाही, डब्यात उरलेला रंग आहे. ज्याची गाडी उभी राहिली की घर थांबतं त्याच्यासाठी सुंदर काय, तर जे त्याला स्वतःला दुरुस्त करता येतं ते.

तेव्हा शहरातल्या मित्रांनो, डार्क एडिशन घ्यायची तर जरूर घ्या, छानच दिसते. फक्त गावाकडच्या कुणाच्या गाडीचं क्रोम सोललेलं दिसलं तर "नवीन घालून टाक की" असं सांगू नका. सुट्टीचे दोन दिवस काढा आणि जाताना वॉटर पेपर घेऊन जा. पण जून उजाडायच्या आत!